हिरव्या राजाच्या वेशीवरचे हत्ती

सांगलीच्या हळदीच्या पेठेत जिनपाल आवटींना दोन कारणांनी बोलावणं यायचं. सौदा मोडायला आला की, आणि लग्नात कुणी रुसून बसलं की. पहिल्या कामावर त्यांचं घर चालायचं. दुसऱ्या कामात नुसतं जेवण मिळायचं, पण जीव सगळा दुसऱ्यात.

रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायच्या काळातला हा दलाल. समोरच्याच्या करंगळीला घाम सुटला की गडी आता आणखी उतरायचा नाही, हे त्यांना कळायचं. हीच विद्या त्यांनी मांडवात वापरली. नवऱ्या मुलाचा मामा फुगलाय तो टोपी मिळाली नाही म्हणून, की टोपी चुलत्याला आधी मिळाली म्हणून, हे आप्पा लांबून ओळखायचे. आम्ही सगळे त्यांना आप्पाच म्हणायचो. कवठे महांकाळच्या एका लग्नात वरबाप रुसून बैलगाडीखाली जाऊन बसला. आप्पांनी समजूत घातली नाही की हात जोडले नाहीत. तेही गाडीखाली शिरून त्याच्या शेजारी बसले, आणि अर्ध्या तासानं दोघे धोतर झटकत बरोबरच बाहेर आले. आत काय बोलणं झालं ते मी पुढं वीस वर्षं विचारत होतो. तेवढी एकच गोष्ट त्या माणसानं माझ्यापासून लपवली. बाकीच्या मी काढून घेतल्या.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. नोकरी पोस्टातली. पत्र न फोडता आतला मजकूर ओळखायची खोड मला तिथंच लागली, आणि ती निवृत्तीबरोबर जात नाही.

तर असा हा माणूस स्वतःच्या लेकीच्या घरी मात्र पार तोंडावर आपटला.

दीपाली त्यांची थोरली. चौऱ्याण्णव साली साताऱ्याच्या भूपाल शेट्यांच्या मुलाला दिली. शेट्यांचं भांड्यांचं दुकान, वर घर. माणसं चांगली, फक्त बोलायला मोजकी. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण करून परत गेल्यावर दीपालीचं पत्र आलं. त्यात सगळी खुशाली होती आणि शेवटी एक ओळ होती, की सासूबाईंनी मिठाची बरणी माझ्या हाताजवळून उचलून पलीकडं ठेवली. बस, एवढंच. कुठल्याही पोरीनं आईला लिहावं तसं. पण ते आईच्या, म्हणजे चंदनबालावहिनींच्या हाती पडायच्या आधी आप्पांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत भाड्याची ट्रॅक्स जीप उभी.

आप्पांची पद्धत ठरलेली. तडजोडीला कधी एकट्यानं जायचं नाही, वजनदार माणसं घेऊन जायचं. सातजण, गुळाची ढेप, केळीचा घड, साडी-चोळी. त्या सातांत मी होतो, हे कबूल करतो. उंब्रजला चहा-भजी व्हायची, गप्पा रंगायच्या, आणि फुकटचा प्रवास कुणाला नको असतो?

आम्ही चारला साताऱ्यात पोचलो. आता आवटी काय, शेटे काय, दोन्ही जैन घरं. सूर्य मावळला की जेवण बंद. म्हणजे न सांगता आलेल्या आठ पाहुण्यांना सहाच्या आत पानावर बसवायचं. दीपाली आणि तिची सासू दोन स्टोव्ह पेटवून घाम गाळत होत्या, आणि बाहेर आप्पा भूपालरावांना समजावत होते, की मीठ ही वस्तू मोठी नाजूक असते. भूपालरावांना बिचाऱ्यांना मिठाचं काही ठाऊकच नव्हतं. आम्ही निघेपर्यंत मात्र सगळ्या घराला झालं.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा, सत्त्याण्णवच्या संक्रांतीला, भूपालराव दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "आवटी, याला पाव्हणं म्हणत न्हाईत. ह्यो मोर्चा हाय." आप्पांनी ते हसण्यावारी नेलं. पण जेवणं आटोपून निघताना दीपाली जिन्यात आली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, आता येऊ नका."

त्यानंतर तिचं पत्र नाही. पोस्टातला माणूस मी, मला बरोबर ठाऊक. तेरा महिने साताऱ्याचा शिक्का त्या घरात आला नाही.

आणि अशात आप्पांना नात झाली. मुलगा अतिशय, त्याची पहिली लेक. (अतिशय हे पोराचं नाव आहे. मी वाढवून सांगतोय असं समजू नका. ती सवय मला आहे, पण इथं नाही.) आता बारशाला नाव ठेवणार आत्या, आणि आत्या एकच, ती साताऱ्यात अबोला धरून बसलेली. चुलत आत्या चालेल, असं वहिनींनी सुचवून पाहिलं. आप्पा म्हणाले, दीपाली आल्याशिवाय पाळणा हलणार नाही. महिना गेला, दीड महिना झाला, पोरगी आपली बिननावाची. सगळे ठमी म्हणायचे, आणि ती त्या हाकेला हसायलाही लागली होती. गल्लीत कुजबुज सुरू झाली. सुरू मी केली नव्हती, पण थांबवलीही नाही.

आमंत्रणाचं कार्ड गेलं, उत्तर आलं नाही. आप्पांनी निदान केलं, की मानपान कमी पडला. आता दोन ट्रॅक्स, चौदा माणसं. माझं नाव यादीत पहिलं.

याच दिवसांत आप्पांना खेळाचा नाद लागला होता.

अतिशयनं घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला होता. तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर प्लास्टिकची झाकणं, बाहेर चपलांची रांग. खोलीत पंखा एकच, आणि तोही माणसांकडं नव्हे तर कॉम्प्युटरकडं तोंड करून ठेवलेला. शिकवायला वाईची अपूर्वा होती. तेवीस-चोवीस वर्षांची, किडकिडीत, बोलायला तडफदार. दुपारी एक ते चार क्लास रिकामा. तेव्हा ती एक खेळ लावून बसायची. पटासारखी घरं आखलेल्या नकाशावर सहा राज्यं, एक आपलं, पाच कॉम्प्युटरची. आपण एक चाल करायची, मग ते पाच राजे आपापली करणार. गावं वसवायची, फौजा ठेवायच्या, तह करायचे, मोडायचे. राजांचे निरोप इंग्रजीत यायचे, आणि प्रत्येकाच्या चित्राखाली त्याचा मूड लिहिलेला असायचा. खूश, सावध, नाराज, संतापलेला.

आप्पा एकदा ठमीला खांद्यावर घेऊन मागं उभे राहिले. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे कोण रुसलंय?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून माऊस अपूर्वाच्या हातात आणि राजकारण आप्पांकडं. मी दुपारच्या चहाच्या निमित्तानं तिसरी खुर्ची धरली.

आप्पांनी आधी एक अट घातली. आपण होऊन कुणावर चालून जायचं नाही, हिंसा नको. अपूर्वा म्हणाली, मग हा खेळ जिंकता येत नाही. आप्पा म्हणाले, "बघू की." आणि त्या कॉम्प्युटरच्या राजांना त्यांनी लग्नघरातल्या पाहुण्यांसारखं हाताळायला घेतलं. पिवळा राजा दर चार चालींनी खंडणी मागायचा. त्याचं नाव ठेवलं महाबळेश्वरचा टॅक्सीवाला. तो मागेल त्याला नाही म्हणायचं आणि पाठ फिरवून चार पावलं टाकायची, की तोच मागून येऊन तिसऱ्या हिश्श्यावर राजी. खरोखर तसंच व्हायचं. जांभळी राणी होती, तिचं नाव राहीबाई. आमच्या गल्लीतली राहीबाई ज्या दिवशी "भावजी, तब्येत उतरली की तुमची" म्हणायची, त्या दिवशी माझ्या परड्यातला कढीपत्ता जायचा. खेळातली राणीही तशीच. तिचा निरोप जास्तच गोड आला की आप्पा म्हणायचे, तिचं तोंड बघू नको, तिच्या होड्या कुठं हायत ते बघ. बघावं तर तीन होड्या आपल्या बंदराकडं तोंड करून.

दोघे राजे आपसात लढत असले की तिसरा गप्प राहतो. ज्याच्याशी दोघांचं वाकडं, तो तह स्वस्तात करतो. एकाशी मोडलेला शब्द पाचही जणांना कळतो. हे सगळं आप्पांनी चार दिवसांत ओळखलं. इंग्रजीचा एक शब्द न येता. अपूर्वा थक्क व्हायची. मला नवल वाटलं नाही, मी बैलगाडी पाहिलेली होती.

पण आप्पांचा खरा लाडका होता हिरवा राजा. जाड मिशा, आखूड मान. त्याचं नाव सातारकर. का, ते कुणी विचारलं नाही. इतरांशी आप्पा हिशेबानं वागायचे, याच्याशी मनानं. धान्य पाठव, घोडे पाठव. त्याचा मूड "खूश"च्या खाली उतरू द्यायचा नाही.

एके दुपारी या सातारकरानं उंटांचा एक तांडा भेटीदाखल आपल्या राजधानीला पाठवला. माल उतरला, तांडा परत निघाला. आप्पा खुर्चीत सावरून बसले.

"एकटाच धाडतीस व्हय त्याला?"

अपूर्वाला कळेना. आप्पांनी समजावलं, की आपल्याकडं पाहुणा उठला की आपणही उठतो. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायचं असतं. दोन घोडेस्वार आणि एक हत्ती बरोबर दे.

"आप्पा, या खेळात असं नसतं."

"खेळात नसंल. आपल्यात असतंय."

गेले. दोन घोडेस्वार, एक हत्ती, उंटांच्या मागून हिरव्याच्या हद्दीपर्यंत. अपूर्वा म्हणाली, आता परत बोलावू. आप्पा म्हणाले, थांब, पाहुणा नजरेआड होईपर्यंत उभं राहायचं असतं. तीन चाली ते तिथं उभे. तिसऱ्या चालीला निरोप आला. अपूर्वानं मराठी करून सांगितलं, "तुमची फौज आमच्या सीमेवर का जमली आहे?" खाली मूड, सावध.

आप्पांच्या चेहऱ्यावर मी नेहमीची काळजी बघितली. मामाला टोपी मिळाली नाही, ती काळजी. "कमी पडलं," ते म्हणाले. "एका हत्तीवर भागवलं, त्याला अपमान वाटला. आणखी दोन हत्ती लाव. आणि धान्य धाड."

अपूर्वा नको म्हणाली. मी मात्र लाव म्हणालो. मला हत्तीचं चित्र आवडायचं.

हत्ती पोचले, धान्यही पोचलं. हिरव्यानं धान्य ठेवून घेतलं, आणि पुढच्याच चालीला युद्ध पुकारलं. मागं त्याची सगळी तयारी झालेली होती. आपली तीन गावं पाच चालींत गेली. राहीबाईनं संधी साधली. टॅक्सीवाल्यानं भाडं वाढवलं. आप्पांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "एवढं दिलं," ते म्हणाले, "एवढं दिलं, आणि हे काय?"

अपूर्वानं टेबलाच्या खणातून खेळाबरोबर आलेलं पुस्तक काढलं. झेरॉक्स होतं, पानं सुटलेली. एक पान शोधून वाचलं आणि माऊस खाली ठेवला.

"आप्पा, तो मोजतो. त्याच्या हद्दीपासून दोन घरांच्या आत आपली फौज किती, एवढंच. भेटी वेगळ्या मोजतो, पण त्या यातून वजा करत नाही. तुम्ही कशासाठी आलात हे त्याला कुठून दिसणार? त्याला हत्ती दिसतात."

आप्पांनी डाव्या हाताची बोटं एक एक करून मिटायला घेतली. ओठ हलत होते. मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. एक ट्रॅक्स, सात माणसं. चारला पोचणार, सहाच्या आत पानं. माझे कान गरम झाले. कारण सातांतला एक हत्ती मीच होतो, आणि भजी खाऊन गेलेला.

त्या खेळात एक सोय होती. डाव चालीचालीला जपून ठेवायचा, बिघडला तर तिथून पुन्हा उचलायचा. अपूर्वानं तांडा परत निघायच्या आधीचा डाव लावला. आप्पा म्हणाले, नाही. हत्ती वेशीवर गेल्यानंतरचा लाव, त्याला राग आल्यानंतरचा. तिनं तो लावला. आप्पांनी फौज मागं घेतली, दोन घरं नव्हे, चार घरं. धान्य पाठवू, असं तीच म्हणाली.

"काय नगं. गप बसायचं."

आणि आम्ही तिघं गप बसलो. एकेक चाल नुसती पुढं ढकलत. सावध. सावध. सावध. चहा आला, निवला. वहिनी ठमीला घेऊन दारात येऊन गेल्या. कितव्या तरी चालीला हिरव्या राजाच्या मिशीखालची अक्षरं बदलली, आणि न बोलावता त्याचा उंटांचा तांडा पुन्हा आपल्या वाटेला लागला.

"किती झाल्या?" आप्पांनी विचारलं.

"तेरा चाली," अपूर्वा म्हणाली.

तेरा हा आकडा ऐकून ते उठले आणि आत गेले. दोन ट्रॅक्स ठरवल्या होत्या, त्या त्यांनी संध्याकाळी जाऊन रद्द केल्या.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कारण मला नेलं नाही. त्याचा राग मला अजून आहे. पण दीपालीकडून, आप्पांकडून आणि त्या दुकानासमोरच्या चहावाल्याकडून, असं तिघांकडून ऐकलंय. तिन्ही हकिगती जिथं जुळतात तेवढंच सांगतो.

बुधवारी सकाळी आप्पा एसटीनं एकटे गेले. हातात पिशवी नाही, गूळ नाही, केळं नाही. हळदीच्या पेठेतला माणूस, बरोबर हळदीची पुडीसुद्धा नाही. साताऱ्याला उतरून चालत दुकानापाशी गेले आणि पायरी चढले नाहीत. रस्त्याच्या पलीकडं, दोन दुकानं सोडून उभे राहिले. चहावाल्यानं बाक पुढं केलं, तेही नको म्हणाले.

भूपालरावांनी गल्ल्यावरून पाहिलं. आवटी, एकटे, रिकाम्या हातानं, उन्हात. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, दुकानाचं अर्धं दार ओढलं आणि अनवाणी रस्ता ओलांडून आले. आप्पांचा हात धरला.

"आवटी, कोण गेलं?"

रिकाम्या हातानं व्याह्याच्या दारात यायचं दुसरं कारण आमच्या मुलखात कुणाला सुचणारच नाही. आपल्याला बघून असं वाटेल, हे आप्पांनाही तोवर सुचलं नव्हतं.

"कोन गेलं न्हाई," आप्पा म्हणाले. "मी आलोय नुसता."

"एकटं?"

"एकटं."

भूपालरावांनी खात्री करायला रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकली. एवढ्यात अर्धं ओढलेलं दार बघून दीपाली जिन्यातून धावत खाली आली. तिच्याही मनात तेच. "आई?" तिनं विचारलं. आप्पांनी मान हलवली, नाही, सगळे धड आहेत.

"मग जीप कुठाय?"

"सांगलीत."

"आणि ते सातजण?"

"त्यांस्नी सांगितलं न्हाई." मग आप्पा मुद्द्यावर आले. "पोरीला नाव ठेवायचंय. तुला यावं वाटंल तवा ये. न्हाई वाटलं तर ठमी हाय तिचं नाव, वाईट न्हाई. मी निघतो, एकची गाडी हाय."

आणि वळले सुद्धा. चहावाला म्हणतो, दीपाली हसायला लागली. दीपाली म्हणते, मी रडत होते. आप्पा म्हणायचे, मी मागं बघितलंच नाही. पण एकची गाडी चुकली, कारण भूपालरावांनी त्यांना दंडाला धरून वर नेलं, आणि त्या दिवशी एकाच पाहुण्याचं पान पडलं. मीठ सासूबाईंनी वाढलं.

बारसं पंधरा दिवसांनी झालं. मी सकाळपासून दारात उभा होतो. आप्पा सांगून ठेवल्यासारखे शांत होते. दीपाली आणि जावई येतील, जमलं तर भूपालराव, असा अंदाज. दहाच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्स वळली. तिच्यामागून दुसरी. दोन्हीतून साताऱ्याची माणसं उतरायला लागली. शेटे, शेट्यांचे चुलते, सासूबाईंच्या बहिणी, आणि चौघांच्या डोक्यावर पितळेची नवी घंगाळी, कळशा, ढेपा. न सांगता. वहिनी पदर खोचून आत पळाल्या.

आप्पा उंबऱ्यात उभे होते. शेजारी अपूर्वा, नवी साडी नेसून. आप्पा तिच्याकडं न बघता म्हणाले, "अपूर्वा, हत्ती मोज."

"सोळा आहेत, आप्पा," ती म्हणाली. आणि तो माणूस असा हसला, की खांद्यावरची पोरगी दचकली.

दीपालीनं नाव ठेवलं पद्मश्री. ती आता बंगळूरला नोकरी करते आणि मला फोनवर आजोबा म्हणते. मी तिला ठमीच म्हणतो. क्लास पुढं पाच वर्षांत बंद झाला. अपूर्वा लग्न होऊन पुण्याला गेली. आप्पांना जाऊनही बरीच वर्षं झाली. त्या खोलीत आता भाडेकरू आहे, पण भिंतीत तीन प्लग अजून ओळीनं आहेत, आणि दुपारी एक वाजला की माझी पावलं उगाच तिकडं वळतात. हिरव्या राजाचं राज्य आम्ही शेवटपर्यंत घेतलं नाही. तो खेळ आम्ही जिंकलो का हरलो, ते मला आता आठवतही नाही.

आठवतं ते बारशाच्या संध्याकाळचं. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकून साताऱ्याची मंडळी उठली. एरवी आप्पा पुढं होऊन गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायला निघायचे. त्या दिवशी उंबऱ्यातच थांबले. ट्रॅक्स सुरू झाली आणि पुन्हा बंद झाली. भूपालरावांनी खिडकीतून मान काढली.

"आवटी, वेशीपर्यंत येत न्हाई व्हय?"

आप्पांनी चपला शोधल्या नाहीत. तसेच जाऊन पुढच्या सीटवर भूपालरावांना चिकटून बसले. मीही सवयीनं पायरी उतरलो, तर त्यांनी आतून हातानंच थांबवलं.

"तू नगं गड्या. दोघं झालं की मोजत्यात."